तीन शीट प्लाय आणि एक पुस्तकांचं कपाट: घरच्या वर्कशॉपमधल्या कटिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना इथे नुसतं काकू म्हणतो. नाव, सोसायटी काही देत नाही, पुण्यात वारजे भागातलं रो-हाऊस एवढंच पुरे. त्यांना विचारूनच लिहितोय. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांनी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूडकाम सुरू केलं आणि खरंच छान करतात, सागवानी पाट, चौरंग, नातवाला स्टूल, सगळं हातकरवत, रंधा आणि पटाशीवर. हात स्थिर आहे, घाई नाही, हत्यारांना धार व्यवस्थित असते. हे आधीच सांगतो कारण पुढे जी गडबड झाली ती हलगर्जीपणातून झालेली नाही, आणि म्हणूनच ती मला लिहिण्यासारखी वाटली.

हॉलमध्ये दोन कॉलमच्या मधे एक खोबणी आहे, तिथे पुस्तकांचं कपाट बसवायचं होतं. सासऱ्यांची पुस्तकं, जाडजूड शब्दकोश, दिवाळी अंकांचे गठ्ठे, सगळं खोक्यांत पडून होतं. खोबणीची रुंदी वर २४१२ मिमी, खाली २४१९. काकूंनी ठरवलं की ८०० मिमी रुंद, २१०० उंच असे तीन सारखे बॉक्स करायचे आणि शेजारी शेजारी उभे करायचे. प्रत्येक बॉक्सला दोन साईड, वरची खालची फळी आणि मधे चार कप्पे. म्हणजे ६ साईड आणि १८ आडव्या फळ्या.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिमीच्या तीन शीट आणल्या, ८ बाय ४ च्या, बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडच्या, आयएस ३०३ चा शिक्का बघून. छोटा हत्ती टेम्पोत घालून घरापर्यंत आल्या, पण एकेक शीट पस्तीस किलोच्या आसपास, ती जिन्यावरून गच्चीपर्यंत चढवायची म्हणजे काकूंचा भाचा, मी आणि वॉचमन तिघं लागलो. हा जिना लक्षात ठेवा, पुढच्या निर्णयांत त्याचा वाटा आहे.

अडचण कुठे आली

पहिली शीट कापली तेव्हा मी तिथे नव्हतो, भाच्याने आणि काकूंनी मिळून कापली. हत्यार म्हणजे शेजारच्या साईटवरून मागून आणलेला ४ इंची कटर, मुळात फरशी-मार्बल कापायचा, त्याला लाकडाचं टीसीटी (दातांना कार्बाइड असलेलं) ब्लेड लावलेलं. शीट दोन प्लास्टिकच्या टेबलांवर ठेवली, एक या टोकाला एक त्या टोकाला, मधे हवा. गाईड म्हणून एक लाकडी पट्टी दोन टोकांना सी-क्लॅम्पने आवळली.

कागदावर हिशोब असा होता की कपाटाची खोली एक फूट, शीटची रुंदी चार फूट, म्हणजे एक फुटाच्या चार पट्ट्या. दुकानात पण "चार निघतील की" असंच सांगितलं होतं. पण ब्लेड प्रत्येक कटात अडीच मिमीच्या आसपास खातं, तीन कटांत साडेसात मिमी भुसा होऊन जातो. १२२० मधून ते वजा करा, मग ३०४.८ च्या तीन पट्ट्या वजा करा, चौथीला राहतात २९८. म्हणजे एक फुटाला दोन सूत (पाव इंच) कमी, आणि तेही तिन्ही कट अगदी सरळ आले तर. ते आले नाहीत. पट्ट्या कुठे ३०४ कुठे २९४, काठ लाटेसारखा, कारण ४ इंची कटरची बेस प्लेट लहान असते आणि गाईडला लागून चालवताना जरा मनगट वळलं की ती पण वळते.

दोन लांब कट झाल्यावर काकूंनी एक पट्टी ट्रायलसाठी आडवी कापून बघितली, २१०० ऐवजी २१०५ वर, म्हणजे नंतर घासून मापात आणता येईल या सवयीने. आडव्या कटाला वरच्या फेसचे, म्हणजे प्लायच्या सगळ्यात वरच्या पातळ थराचे, ढलपे उडाले, काही तर बोटाच्या नखाएवढे, आणि उडाले ते चांगल्या बाजूचे, कारण चांगली बाजू वर ठेवली होती.

मग तिसऱ्या लांब कटात शेवटच्या दीड-दोन फुटांवर शीट मधे खचली, कट मिटला, ब्लेड त्यात आवळलं गेलं आणि कटर झटक्यात मागे उडाला. कुणाला लागलं नाही. पट्टीवर हातभर लांबीची खोल रेघ ओढली गेली आणि भाचा म्हणाला, "मावशी, बंद कर, आता नको." काकूंनी लगेच स्विच काढला. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय माझ्या मते हाच, कारण बरेच लोक अशा वेळी "एवढा एक फूट राहिलाय, उरकून टाकू" म्हणतात.

नेमकं काय चुकत होतं

संध्याकाळी मला बोलावलं. काकूंचा पहिला प्रश्न होता, "अरे, सागवान मी मापात कापते, मग हे का होईना?" चारही पट्ट्या बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांच्या हातकामातल्या चांगल्या सवयीच इथे उलट्या पडल्या होत्या.

हातकरवत ढकलताना कापते, दात वरून खाली जातात, म्हणून ढलपे खालच्या बाजूला उडतात आणि चांगली बाजू वर ठेवणं बरोबर असतं. सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडची विजेवरची करवत) आणि कटरमध्ये ब्लेड खालून वर फिरत येतं, दात वरच्या फेसमधून बाहेर पडतात, म्हणून चांगली बाजू खाली. टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या करवतीवर) परत उलटं, तिथे ब्लेड टेबलाखालून वर आलेलं असतं आणि दात वरून खाली घुसतात, म्हणून चांगली बाजू वर. एकदा दाताची दिशा डोळ्यासमोर आणली की पाठ करावं लागत नाही.

दुसरी सवय म्हणजे थोडं जास्त कापून रंध्याने मापात आणणं. अखंड लाकडात हे शंभर टक्के योग्य. प्लायमध्ये एक थर उभा एक थर आडवा, रंधा एका थरावर छान चालतो आणि दुसऱ्यावर तोडतो, टोकाला तर कोपराच फुटतो, आणि मधल्या ग्लूने धार पण लवकर जाते. म्हणजे प्लायमध्ये ब्लेड जिथून गेलं तोच शेवटचा काठ समजायचा. सगळी अचूकता ब्लेड फिरायच्या आधी आणावी लागते, मापात, गाईडमध्ये, आणि शीट कशावर ठेवलीय त्यात.

तिसरं, मापांची सरमिसळ. काकू फूट-इंच-सुतात विचार करतात, भाचा हिंजवडीत नोकरीला, तो सगळं मिमीत लिहितो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीहून थोडं जास्त. यादीत अडीच फूट म्हणून एका ठिकाणी ७५० आणि एका ठिकाणी ७६२ लिहिलेलं सापडलं, दोघांनाही आपापलं बरोबर वाटत होतं.

आणि चौथं, जे कुणीच तपासलं नव्हतं, ती प्लायची खरी जाडी. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर १८ ची प्लाय कुठे १७.१ कुठे १७.५ भरत होती. आपल्याकडे कॅलिब्रेटेड (घासून एका जाडीत आणलेल्या) नसलेल्या प्लायमध्ये हे सर्रास असतं. बॉक्सची बाहेरची रुंदी ८०० धरून आतली फळी ७६४ काढली होती ती १८ ची जाडी धरून.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, उरलेल्या दोन शीट जॉबवर्कवाल्याकडे पॅनल सॉवर, म्हणजे अख्ख्या शीट कापायच्या मोठ्या मशीनवर, कापून आणायच्या. पुण्यात आता बऱ्याच ठिकाणी हे करून मिळतं. पॅनल सॉला मुख्य ब्लेडच्या पुढे एक छोटं स्कोअरिंग ब्लेड असतं, ते उलट्या दिशेने फिरून खालच्या फेसला एक-दोन मिमीची खाच पाडत जातं, मागून मोठं ब्लेड येतं तेव्हा ढलपे उडायला काही उरत नाही. अचूकतेत घरचा कुठलाही जुगाड याच्या जवळ जात नाही. अडचण एवढीच की शीट गच्चीवर होत्या, त्या परत खाली न्यायच्या, टेम्पो, परत पट्ट्या वर आणायच्या. आणि पहिल्या शीटच्या वाकड्या पट्ट्या तसल्या मशीनवर घ्यायला लोक नाखूष असतात, त्यांना अख्खी शीट आणि मिमीतली पक्की यादी लागते.

दुसरा पर्याय, ओळखीच्या मिस्त्रींना एक दिवस बोलवायचं. ते माणूस चांगले, पण त्यांची पद्धत म्हणजे प्लायच्या फळीखाली कटर उलटा बांधून केलेलं टेबल, ना गार्ड ना मागे ब्लेडजवळ पाचर, हात थेट ब्लेडसमोर. साईटवर रोज हजारो लोक असंच काम करतात हे मला माहितीये, आणि कितीतरी मिस्त्रींची बोटं यातच गेलीयेत हे पण माहितीये. काकू स्वतःच नको म्हणाल्या, "माझ्या घरात कुणाचं बोट नको जायला."

तिसरा, रेडीमेड ट्रॅक सॉ (रुळावर सरकणारी करवत) घ्यायचा. मस्त हत्यार आहे, पण एका कपाटासाठी एवढा खर्च पटेना.

चौथा, ७ इंची सर्क्युलर सॉ घ्यायचा आणि त्याला घरीच गाईड करायचा. वेळ सगळ्यात जास्त जाणार होता, पण काकूंना पुढे अजून दोन कपाटं करायची आहेत आणि शिकायचं आहे, त्यामुळे हाच ठरला. मी त्या वेळी पॅनल सॉच्या बाजूने होतो आणि अजूनही अर्धा आहे, ते शेवटी सांगतो.

एक छोटा पण महत्त्वाचा निर्णय याच बैठकीत झाला: खोली एक फुटाऐवजी २८५ मिमी. पहिल्या शीटची सगळ्यात अरुंद जागा २९४ होती, दोन्ही काठ नव्याने सरळ केले तर २८५ नक्की निघत होतं. पुस्तकांना एवढी खोली भरपूर होते, ए४ आकाराचं पुस्तकसुद्धा २१० मिमीच रुंद असतं. नवी शीट आणण्यापेक्षा पाऊण इंचाच्या आसपास खोली सोडली आणि पहिली शीट वाचली.

काय केलं

आधी यादी नव्याने लिहिली, फक्त मिमीत. जाडी प्रत्येक ठिकाणी वेगळी असल्यामुळे बाहेरचं ८०० धरायचं सोडून दिलं आणि आतली फळी ७६४ पक्की केली. सगळे कप्पे एका मापाचे असले की बॉक्सच्या साईड समांतरच राहतात, बाहेरची रुंदी ७९८ येवो नाहीतर ७९९, खोबणीत जागा होतीच. मला वाटतं घरी प्लायचं काम करणाऱ्याने हे एवढं जरी धरलं तरी निम्मा त्रास जातो.

लांबीचं गणित पण नीट बसलं. २४४० च्या पट्टीतून ७६४ चे तीन तुकडे आणि मधल्या कटांची जाडी आरामात निघते, म्हणजे १८ फळ्यांना ६ पट्ट्या, साईडना ६ पट्ट्या, एकूण १२, तीन शीटमध्ये बरोब्बर. शिवाय शीट दोन आणि तीनमधून प्रत्येकी ६० मिमीच्या आसपास रुंद पट्टी उरणार होती, तिचा उपयोग पुढे येतो.

सॉ आणला तो १४०० वॅटचा, सोबत आलेलं २४ दातांचं ब्लेड काढून ६० दातांचं लावलं. कमी दातांचं ब्लेड भराभर कापतं पण प्लायचा फेस फाडतं. १४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला ६ अॅम्पियरच्या वर करंट, सुरू होताना त्याहून बराच जास्त, त्यामुळे शेडमधल्या साध्या ५ अॅम्पियरच्या प्लगवर न लावता गीझरसाठीच्या पॉईंटवरून जाड वायरची एक्स्टेन्शन काढली आणि ती पूर्ण उलगडून ठेवली, गुंडाळलेली वायर लोडवर तापते.

गाईड असा केला: बॅकसाठी ६ मिमीच्या तीन शीट आणल्याच होत्या, प्रत्येकीतून ८०० ची बॅक काढली की साधारण ४२० ची पट्टी उरते. त्यातल्या एकीतून साधारण २७० रुंद, ८ फूट लांब बेस काढला. हा बेस कापताना वाकडा आला तरी चालतो हे त्यातलं मर्म आहे. त्याच्यावर सरळ पट्टी स्क्रूने बसवली आणि सॉ त्या पट्टीला टेकवून एकदा आरपार चालवला, ब्लेडने बेसचा जास्तीचा भाग कापून टाकला. आता बेसची कड म्हणजेच ब्लेडची कड. रेघेवर ही कड ठेवायची, आवळायची, चालवायची, बेस प्लेटपासून ब्लेड किती लांब हे मोजत बसायची गरजच उरत नाही. शिवाय ती कड कटाला लागूनच वरच्या फेसला दाबून धरते, त्यामुळे वरच्या बाजूलाही ढलपे जवळजवळ उडत नाहीत. फक्त ब्लेड बदललं की गाईडची कड परत तपासायची, वेगळ्या जाडीचं ब्लेड वेगळीकडे कापतं.

शीट टेबलावरून खाली आली. जमिनीवर २ इंची थर्मोकोल, त्यावर अख्खी शीट, चांगली बाजू खाली. ब्लेड शीटच्या खाली पाच-सहा मिमी उतरेल एवढंच सोडलेलं, ते थर्मोकोलमध्ये चर पाडत जातं आणि काही बिघडत नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण आधार असल्यामुळे कट मिटायचा प्रश्नच नाही, शेवटच्या इंचापर्यंत पट्टी जागची हलत नाही. काकूंना जमिनीवर बसून काम करायची सवय असल्यामुळे त्यांना उलट हेच सोयीचं पडलं, गुडघ्याखाली जुनी उशी घेतली.

दुसऱ्या शीटला पहिला कट होता फॅक्टरीची कड काढायचा, साधारण ५ मिमी. तो झाल्यावर कटाला अॅल्युमिनियमचा बॉक्स सेक्शन (पोकळ चौकोनी पट्टी) लावून बघितला तर मधे २ मिमीची फट दिसली. गाईड टोकांना आवळलेला होता, पण मधे सॉच्या दाबाने बाजूला वाकत होता, कारण वरची सरळ पट्टी प्लायचीच होती, पातळ. इथे सुदैवाने काही वाया गेलं नाही, कारण टाकाऊ कडेवरच हे समजलं. पट्टी काढून तिथे तोच अॅल्युमिनियम सेक्शन बसवला, २ बाय १ इंची. सरळ आहे का ते बघायला त्याला लागून एक रेघ मारली, मग तो उलटा फिरवून त्याच दोन टोकांमधून दुसरी रेघ मारली, दोन्ही रेघा एकावर एक आल्या म्हणजे सरळ. आणि बेसच्या खाली सँडपेपरच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे मधे घसरणार नाही. परत कट घेतला, फट गेली.

त्यानंतर २८५ च्या पट्ट्या टेपने मोजून कापल्याच नाहीत. बरोबर मापाचे दोन तुकडे करून घेतले, एक या टोकाला एक त्या टोकाला ठेवायचा, त्यांना टेकवून गाईड आवळायचा, तुकडे काढून घ्यायचे, कापायचं. टेपचा हूक मुद्दाम थोडा ढिला असतो, त्याच्या स्वतःच्या जाडीएवढा, आतलं आणि बाहेरचं माप दोन्ही बरोबर यावं म्हणून. पण टेप दोन-चारदा पडला की तो हूक वाकतो, आणि काकूंचा टेप आणि भाच्याचा टेप यांच्यात जवळपास १ मिमीचा फरक निघाला. तेव्हापासून एका कामाला एकच टेप हा नियम झाला.

आडव्या कटांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला लावला. फेसचे धागे आडवे कापले जातात तिथेच ढलपे उडतात, आणि १८ फळ्यांपैकी एक जरी अर्धा मिमी लांब असली तर बॉक्स तिथे फुगतो. एक छोटा गाईड केला, खालून एक आडवी पट्टी गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावून बसवलेली, ती पट्टीच्या काठाला टेकली की कट काटकोनात. गुण्यावर पूर्ण विश्वास न ठेवता एक चाचणी घेतली: एक तुकडा कापायचा, कापलेल्या दोन भागांपैकी एक उलटा पालटायचा आणि दोन्हीचे लांब काठ एका सरळ पट्टीला टेकवून कापलेल्या कडा परत एकमेकांना भिडवायच्या. काटकोनात चूक असेल तर फट दिसते आणि ती चुकीच्या दुप्पट दिसते, त्यामुळे डोळ्याने कळते. कागदाचा एक तुकडा आडव्या पट्टीमागे सारून ती चूक काढली.

लांबीसाठी ७६४ वर एक ठोकळा स्टॉपर म्हणून स्क्रूने बसवला. पट्टी सरकवायची, ठोकळ्याला टेकवायची, कापायची. भाचा आधी कापलेली फळी ठेवून तिच्यावरून पुढची रेघ मारणार होता, ते थांबवलं, कारण तसं केलं की प्रत्येक वेळी पेन्सिलची जाडी वाढत जाते आणि शेवटची फळी पहिलीपेक्षा लांब निघते. दोन-तीन फळ्या झाल्यावर काकूंना एक फळी बोटाला जरा कमी लागली, शेजारी ठेवून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही कमी आहे बघ." व्हर्नियरने बघितलं तर खरंच, अर्ध्या मिमीहून थोडी जास्तच आखूड. ठोकळ्याच्या तळाशी भुसा जमा झाला होता, पट्टी त्या भुशालाच टेकत होती. पटाशीने ठोकळ्याची खालची कड तासून तिरकी केली, म्हणजे भुसा त्या खाचेत जातो आणि पट्टी लाकडालाच टेकते. ती आखूड फळी वरच्या टोकाला लावायची ठरली जिथे बॅकची फ्रेम तिला झाकते.

आडव्या कटाच्या रेघेवर मास्किंग टेप लावला आणि कागद कापायच्या कटरच्या पात्याने फेसची साल आधी कापून घेतली. दोन्हीपैकी पात्याचा फायदा जास्त, टेप नसला तरी चालेल.

कामाच्या वेळा सकाळी दहा ते एक, दुपारी कुणाची झोप मोडायची नाही म्हणून. दोघांनाही एन-९५ मास्क आणि कानाला प्लग, प्लायच्या भुशात ग्लू असतो, तो साध्या रुमालाने अडत नाही.

काय निष्पन्न झालं

त्या एका फळीचा अपवाद सोडला तर फळ्या अर्ध्या मिमीच्या आत एकसारख्या आल्या. बॉक्स बाहेरून ७९८ ते ७९९. बॉक्स हॉलमध्येच जोडले, जोडलेला बॉक्स जिन्याच्या वळणावर फिरलाच नसता. प्रत्येक बॉक्सचे दोन्ही कर्ण मोजले, २२४६-४७ च्या आसपास, आणि एकाच बॉक्समधल्या दोन कर्णांत १ मिमीहून जास्त फरक नाही. तिन्ही उभे केल्यावर वर साधारण १६ आणि खाली २३ मिमी फट राहिली, भिंत मुळातच तिरकी, तिथे निमुळती फिलर पट्टी घातली.

ढलपे उडालेली साईड कॉलमकडे तोंड करून लावली. रेघ ओढली गेलेल्या पट्टीतून तळाच्या फळ्या काढल्या, खराब बाजू खाली. उरलेल्या दोन अरुंद पट्ट्यांचे ७६४ चे सहा तुकडे निघाले, ते प्रत्येक बॉक्सच्या खालच्या दोन कप्प्यांना मागून उभे चिकटवले. १८ मिमीची फळी ७६४ च्या अंतरावर शब्दकोशांच्या वजनाने कालांतराने वाकतेच, मागे उभी पट्टी असली की ती तोलते, आणि कपाट भिंतीला स्क्रूने धरायलाही तीच कामाला आली.

एक गोष्ट मनासारखी झाली नाही. एका शीटमध्ये कापल्यावर आत पोकळी निघाली, मधल्या थरात बोट जाईल एवढी, आणि ती नेमकी एका साईडच्या पुढच्या काठावर आली. लाकडाची चीप घालून फेविकॉलने भरली, वरून लिपिंग (काठ झाकायची पट्टी) आली म्हणून दिसत नाही. बाहेरून कितीही बघितलं तरी असं काही कळत नाही, ठोकून ऐकल्यावर थोडा अंदाज येतो, तोही मोठ्या पोकळीचा.

वेगळं काय करता आलं असतं

दुकानातून शीट निघायच्या आधी यादी पक्की असायला हवी होती. जाडी दुकानातच व्हर्नियरने मोजता येते, कुणी हरकत घेत नाही, आणि ८ बाय ४ ची शीट तिथेच लांबीत उभी दोन तुकड्यांत करून मिळते. अंदाजे मधोमध, दोन-चार मिमी इकडे तिकडे चाललं असतं, कारण प्रत्येक अर्ध्यातून २८५ च्या दोनच पट्ट्या काढायच्या होत्या आणि जागा शिल्लक होती. अठरा किलोचे तुकडे जिन्यावरून दोन माणसांनी आरामात नेले असते.

त्याच्याही पुढे जाऊन माझं मत असं की लांब कट पॅनल सॉवर आणि आडवे कट घरी ही वाटणी सगळ्यात शहाणपणाची. ८ फुटी सरळ कट घरी घेणं हेच खरं अवघड, त्यासाठीच तो लांब गाईड, थर्मोकोल, अॅल्युमिनियम सेक्शन सगळं लागलं. आडवे कट छोट्या गाईडवर कुणालाही जमतात, आणि घरी घेतले तर एखादी फळी चुकली तरी लगेच दुसरी काढता येते. काकूंना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, लांब गाईड एकदा झाला की झाला, आता तो भिंतीला टांगून ठेवलाय, पुढच्या कपाटाला फक्त उतरवायचा. त्यातही तथ्य आहे. पण पुढचं काम किचनच्या शटरचं आहे, दोन्ही बाजूंना सनमायका लावलेल्या प्लायचं, आणि सनमायका ठिसूळ, कितीही जपलं तरी सर्क्युलर सॉने कडेला बारीक टवके जातात. तेवढं तरी स्कोअरिंग ब्लेडवर द्यायचं यावर त्या तयार झाल्यात, यादी मिमीत लिहून ठेवलीये, शेजारी मोजलेल्या जाडीचा एक रकाना पण केलाय.

४ इंची कटर त्याच संध्याकाळी साईटवर परत गेला. लाकूड कापायला तो परत आणायचा नाही हे मी दोघांनाही सांगितलंय. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, आणि ब्लेड कटातून बाहेर आल्यावर आपोआप खाली पडणारं गार्ड त्याला नसतं. ७ इंची सॉला ते असतं, फेरेही त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढ्या एका कारणासाठी सॉचा खर्च करावा असं मी कुणालाही सांगेन, आणि ते गार्ड वर बांधून ठेवायची जी पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते ती घरी तरी करू नका.